पावरीचा टोन हातानं बनवताना: खान्देशातल्या घरी बसून सिंथेसायझर शिकायची एक वाट

लग्नसराईत चाळीसगावपासून नवापूरपर्यंत कुठल्याही वरातीच्या कडेला उभं राहा. ढोल, ऑक्टापॅड, गाडीवर रचलेले स्पीकर, आणि त्या सगळ्या गदारोळावर चढलेला, नाकातून निघाल्यासारखा एक सूर. जळगावकडं त्याला बीन म्हणतात, शहादा-नवापूरकडं पावरी. वाजतो मात्र कीबोर्डवर. वाजवणाऱ्याला विचारा, हा आवाज कुठून आणला? उत्तर ठरलेलं: "टोन टाकून घेतला." कोणीतरी पेनड्राइव्हवर दिला, कीबोर्डात भरला, वाजवायला लागले.

मीही सहा लग्नसराया तेच केलं. मग सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात, जेवणाच्या पंगतीआधी, आयुष्यभर खरी पावरी फुंकलेले एक बाबा माझ्या कीबोर्डजवळ येऊन बसले. दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, "भो, तुन्हा आवाजमा फुकच नई शे." फुंकच नाही. आणि ते खरं होतं. तयार टोनमध्ये फुंक घालायची सोय नसते, कारण तो आवाजाचा फोटो असतो. फुंक घालायची तर आवाज मुळापासून बनवावा लागतो, आणि सिंथेसायझर हे यंत्र त्यासाठीच आहे.

म्हणून या लेखात एकच आवाज कोऱ्या पाटीपासून बनवू. जुनी-नवी यंत्रं वाटेत भेटतील तशी भेटतील. तोवर काहीही विकत घेऊ नका.

आधी एवढं जमवा

आठ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, वायरचे हेडफोन, आणि घरात धूळ खात पडलेला कुठलाही कीबोर्ड ज्याच्या मागं यूएसबीचं किंवा पाच पिनांचं मिडीचं (कुठली पट्टी दाबली ते लॅपटॉपला कळवणारं) भोक आहे. यामाहाच्या बऱ्याच पीएसआर कीबोर्डांना ते असतं. पाच पिनवाला असेल तर मिडी-यूएसबी केबल लागेल. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये एक चक्कर मारली की केबल, कन्व्हर्टर, जॅक सगळं एका फेरीत होतं. ब्लूटूथ हेडफोन नकोत. पट्टी दाबल्यावर आवाज इतका उशिरा येतो की लय हातातून सुटते.

सॉफ्टवेअर, म्हणजे लॅपटॉपवरच चालणारा सिंथ, दोनपैकी एक घ्या: सर्ज एक्सटी किंवा व्हायटल. सर्ज पूर्ण मोफत आणि खुल्या स्रोताचं आहे, व्हायटलची मोफत आवृत्ती आपल्या कामाला पुरते. दोन्हींत तीन ऑसिलेटर (मूळ सूर काढणारे भाग) आणि दोन फिल्टर (तो सूर गाळणारे भाग) आहेत, म्हणजे हजारो रुपयांच्या कित्येक यंत्रांपेक्षा जास्त. मी सर्जवर शिकलो, तेव्हा माझा कल तिकडं आहे हे मान्य.

विंडोजवर आवाज उशिरा येत असेल तर ASIO चा, म्हणजे आवाज लवकर पोचवणारा, ड्रायव्हर टाका (एएसआयओ-फोर-ऑल मोफत मिळतो) आणि बफरचा, म्हणजे वाजवण्याआधी लॅपटॉप साठवून घेतो त्या नमुन्यांचा, आकडा बघा. सेकंदाला ४४,१०० नमुने असतील तर २५६ चा बफर म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे ३. २५६ वर बोटाला फरक जाणवत नाही. १०२४ ठेवलात तर २३ मिलिसेकंद, आणि मग तुम्ही स्वतःच्याच मागं धावत वाजवाल.

कोरी पाटी

तयार आवाजांची यादी उघडायचा मोह होईल. उघडू नका. 'इनिट' नावाचा कोरा आवाज निवडा. पट्टी दाबली की कर्कश, सपाट, डास मोठा झाल्यासारखा आवाज येईल. हा सॉ, म्हणजे करवतीच्या दात्यासारखा आकार. यात मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सगळी आंदोलनं भरलेली असतात. स्क्वेअर आकारात फक्त विषम पटीची असतात, म्हणून तो पोकळ वाटतो, बासरी आणि क्लॅरिनेटच्या मधला कुठला तरी.

आपल्याला हवा पल्स. स्क्वेअरचीच रुंदी कमी करत न्या. ५० टक्क्यांवर पोकळ, २५ टक्क्यांवर दर चौथं आंदोलन गायब होतं आणि आवाज नाकात शिरतो, १० टक्क्यांवर तो चिरका होतो. २० ते २५ च्या मध्ये कुठंतरी तुम्हाला 'हाच' असं वाटेल. तिथं थांबा.

इथं एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. १९५४ च्या 'नागिन' सिनेमात, हेमंतकुमारांच्या संगीतात, जी बीन ऐकून लोक थिएटरात डोलले, ती गारुड्याची पुंगी नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिनवर वाजवली होती. क्लॅव्हिओलिन हे १९४७ साली फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिन यांनी बनवलेलं छोटं वाद्य. एका वेळी एकच सूर, जुन्या रेडिओसारख्या व्हॉल्व्हवर चालणारा, भरपूर वरची आंदोलनं असलेला. म्हणजे वरातीत आज जी बीन वाजते तिचं मूळ रानात असलं तरी तिचा विजेवरचा अवतार सत्तर वर्षांचा आहे. कीबोर्डवर बीन वाजवणं म्हणजे काही भेसळ नव्हे, उलट आपल्याकडची ही सगळ्यात जुनी सिंथ परंपरा.

आता दुसरा ऑसिलेटर चालू करा. तोच पल्स, पण ५ ते ७ सेंट वर. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. दोन आवाज एकमेकांवर हलके घासतील आणि आवाज जिवंत होईल. याहून जास्त सरकवलात तर बीनची हार्मोनियम होते.

तिसरा ऑसिलेटर षड्जासाठी राखून ठेवा. पुंगीला दोन नळ्या असतात, एकीवर चाल आणि दुसरीवर सतत धरलेला सूर. तो धरलेला सूर कीबोर्डमागं हलू नये म्हणून त्या ऑसिलेटरचं 'कीट्रॅक' बंद करा आणि तो गाण्याच्या सा वर लावा. आवाज चालीच्या एक तृतीयांश. गायकानं पट्टी बदलली की हा सूर बदलायला विसरू नका. मी एकदा भर हळदीत विसरलो आणि नवरीच्या मामांनी वळून पाहिलं.

फिल्टर: चाळणी कुठं धरायची

फिल्टर म्हणजे चाळणी, इथपर्यंत सगळे सांगतात. कुठल्या भोकाची चाळणी, यात खरी मेख आहे.

लो-पास फिल्टर वरची आंदोलनं कापतो. अमेरिकेतले सिंथ बनवणारे रॉबर्ट मूग यांचा शिडीच्या रचनेचा फिल्टर दर सप्तकाला २४ डेसिबल कापतो, आणि १९७० च्या त्यांच्या मिनीमूग सिंथचा तो गुबगुबीत बेस त्यातूनच येतो. पण बीन गुबगुबीत नसते. लो-पासवर तासभर घासलं तरी ती येणार नाही, हे मी तास घालवून शिकलो. इथं बँड-पास लागतो, जो वरचंही कापतो आणि खालचंही. मध्यबिंदू १,२०० ते १,८०० हर्ट्झच्या दरम्यान ठेवा आणि रेझोनन्स, म्हणजे त्या बिंदूवरचा जोर, हळूहळू वाढवा. नाकपुडी दाबल्यासारखा आवाज आला की एक पाऊल मागं या.

फक्त बँड-पास ठेवला तर आवाज पातळ होईल. म्हणून दोन्ही फिल्टर शेजारी शेजारी, समांतर लावा: एकातून बँड-पास, दुसऱ्यातून ३ किलोहर्ट्झवर कापलेला साधा लो-पास. पहिल्यातून नाक, दुसऱ्यातून अंग.

फुंक

आता बाबांचं ऋण. फुंक चार गोष्टींत असते आणि त्यातली एकही तयार टोनमध्ये नीट येत नाही.

पहिली, सुरुवात. ढोलकीवर थाप पडली की आवाज लगेच टोकाला जातो आणि विरतो. फुंकेचं वाद्य भरायला वेळ घेतं. एन्व्हलपमध्ये (आवाज कसा चढतो-उतरतो ते ठरवणारा भाग) अटॅक, म्हणजे चढायचा वेळ, ४० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा, सस्टेन, म्हणजे धरलेल्या सुराची पातळी, ८५ टक्के, रिलीज, म्हणजे पट्टी सोडल्यावर विरायचा वेळ, ८० मिलिसेकंद. अटॅक शून्य ठेवलात तर कितीही चांगला आवाज कीबोर्डचाच वाटतो.

दुसरी, जिभाळीची, म्हणजे वाद्यात थरथरणाऱ्या पातीची, ओढ. खऱ्या जिभाळीचा सूर लागताना किंचित खालून येतो. दुसरा एन्व्हलप सुरावर लावा: ३० सेंट खालून सुरू, ६० मिलिसेकंदांत जागेवर. एवढंच. ऐकणाऱ्याला कळणार नाही काय बदललं, पण मान हलेल.

तिसरी, हवा. नॉइज चालू करा, अगदी नावाला, आणि तोही बँड-पासमधूनच जाऊ द्या. फोनवर एखाद्याचा श्वास ऐकू यावा तेवढाच.

चौथी, कंप. एलएफओ, म्हणजे स्वतः न वाजता सुराला हलवणारी संथ लहर, घ्या, वेग ५ ते ६ हर्ट्झ, खोली २० सेंटच्या आसपास. पण तो कायम चालू ठेवू नका. मॉड्युलेशनच्या चाकाला जोडा. सूर लागला, टिकला, मग चाक पुढं ढकललं, असं वाजवा. ज्या कीबोर्डला चाक नाही तिथं एलएफओला अर्ध्या सेकंदाचा उशीर द्या.

आता पॉलीच्या (एका वेळी अनेक सूर) जागी मोनो (एका वेळी एकच) करा. व्हायटलमध्ये व्हॉइसेसचा आकडा १ करून लेगाटो चालू करायचं. सर्जमध्ये प्ले मोड बदलायचा. ग्लाइड ७० मिलिसेकंद. एक पट्टी धरून दुसरी दाबली की सूर घसरत जाईल, सोडून दाबली की नव्यानं फुंकला जाईल. मींड आणि खटका यांच्यातला फरक आता बोटांत आला. या जागेवर मी पहिल्यांदा पोहोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि घरच्यांनी दार वाजवून विचारलं, गारुडी आला का म्हणून.

खाली काय ठेवायचं: बेस आणि ठोका

बीन एकटी नाचवत नाही. बेससाठी टीबी-३०३ ची पद्धत शिका. हे रोलँडचं रुपेरी खोकं गिटारवाल्यांना साथीला बेस मिळावा म्हणून निघालं, चाललं नाही, आणि १९८४ मध्ये बंदही पडलं. पण १९८२ सालीच मुंबईच्या चरणजित सिंग या वादकानं टीबी-३०३, टीआर-८०८ हे ठोक्याचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ, अशी तीन यंत्रं एकत्र जोडून डिस्कोच्या ठोक्यावर दहा राग वाजवले. शिकागोत अॅसिड हाउस नावाचं संगीत यायला अजून काही वर्षं होती. चरणजितची ती रेकॉर्ड तेव्हा कोणी फारशी ऐकली नाही, २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा जग चाट पडलं.

पद्धत साधी: एक सॉ, एक लो-पास, रेझोनन्स भरपूर, फिल्टरवर लहान एन्व्हलप. जादू आहे ती स्लाइड (सूर घसरवणं) आणि अॅक्सेंट (सुरावर जोर) या दोन खुणांत. सिक्वेन्सरच्या, म्हणजे भरलेले सूर ओळीनं आपोआप वाजवणाऱ्या भागाच्या, सोळा घरांत सूर भरा, तीन-चार घरांवर अॅक्सेंट, दोन ठिकाणी स्लाइड, आणि वाजत असताना फक्त फिल्टरची खुंटी हलवा.

सोळा घरांवरून एक अडचण. आपल्याकडची नाचाची कितीतरी गाणी सहाच्या चालीत आहेत. ती सोळा घरांत बसवायला गेलात की चालीचा झोल जातो आणि कवायत ऐकू येते. सिक्वेन्सर बारा घरांचा करा. जुन्या टीआर-८०८ वरही त्यासाठी प्रीस्केलचं बटण होतं, म्हणजे १९८० साली जपानमध्येही कोणाला तरी तीन-तीनची चाल लागत होती. सॉफ्टवेअरमध्ये तर आकडा बदलायचा फक्त.

किकसाठी, म्हणजे ठोक्यातल्या खालच्या धम्म आवाजासाठी, साधा साइन (निव्वळ एकच आंदोलन असलेली लहर) घ्या, सुरावर एन्व्हलप लावा: १५० हर्ट्झवरून ५० वर, ६० मिलिसेकंदांत. आवाजाचा डिके, म्हणजे विरायचा वेळ, ३०० मिलिसेकंद. डिके वाढवला की ८०८, कमी केला की ढोलाचा धम्मा. खऱ्या ढोलासोबत वाजणार असेल तर कमीच ठेवा, नाहीतर दोघं एकमेकांना गिळतात.

घुंगरू किंवा घंटेसाठी दुसरीच विद्या लागते, एफएम. स्टॅनफर्डच्या जॉन चाऊनिंग यांचा हा शोध, आणि यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स-७ मुळे तो घराघरांत गेला. एक लहर दुसरीला इतक्या वेगानं थरथरवते की नवीनच आवाज तयार होतो. डेक्स्ड हे मोफत सॉफ्टवेअर डीएक्स-७ सारखंच चालतं. त्यात दोन ऑपरेटर, म्हणजे अशा दोन लहरी, घ्या, दुसऱ्याचं प्रमाण १.४१ ठेवा, डिके लांब. घंटा. तेच वर दोन सप्तकं चढवून डिके अगदी छोटा केला की घुंगरू. एफएमबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल, डीएक्स-७ ला सहा ऑपरेटर आणि ते जोडायच्या ३२ तऱ्हा आहेत. मला स्वतःला त्यातल्या चार-पाच वापरता येतात.

जुनं यंत्र घ्यायचा झटका आलाच तर

येतोच. मलाही आला. जपानहून आलेलं एक जुनं मशीन मुंबईत मिळालं, रेल्वेनं मांडीवर धरून भुसावळला आणलं, घरी आल्या आल्या प्लग भिंतीत लावला. फट्ट. मग तो वास, जो एकदा नाकात गेला की जात नाही. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, आपली २३०. मागच्या पट्टीवर स्वच्छ लिहिलं होतं. वाचलं नव्हतं मी.

तेव्हा सगळ्यात आधी ती पट्टी वाचा. १०० किंवा ११७ लिहिलं असेल तर त्याच व्होल्टचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, यंत्राच्या वॅटच्या निदान दुप्पट ताकदीचा. पंख्याच्या रेग्युलेटरसारख्या हलक्या कन्व्हर्टरवर विसंबू नका.

मग यंत्रागणिक दुखणी. कॉर्ग पॉलिसिक्सच्या आत एक बॅटरी असते, ती गळते आणि खालचं सर्किट खाते. घेण्याआधी झाकण उघडून बघायचा आग्रह धरा. रोलँड ज्युनो-१०६ चे व्हॉइस चिप काळ्या आवरणाखाली बिघडतात. एकच पट्टी सहा वेळा दाबा, सहापैकी एखाद्या वेळी आवाज गेला किंवा खरखरला तर तो व्हॉइस मेला. डीएक्स-७ आणि कॉर्ग एम-१ मध्ये बॅटरी संपली की साठवलेले आवाज पुसले जातात, पण ती बदलता येते. खुंट्या फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा धूळच असते, आणि धुळीची आपल्याला काय नवलाई.

उन्हाळ्याचं मात्र नवल आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळात पारा ४५ च्या घरात जातो. मिनीमूगसारख्या यंत्रांचे ऑसिलेटर व्होल्टेजवर चालतात आणि तापमान बदललं की सूर सरकतो. दुपारी लावलेला सा संध्याकाळी कूलर सुरू झाल्यावर सा राहत नाही. यंत्र २० मिनिटं आधी चालू करून ठेवा, कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, आणि वाजवायच्या लगेच आधी सूर लावा. १९७८ च्या प्रॉफेट-५ ला त्यासाठी ट्यूनचं बटणच दिलं होतं. ज्युनोचे ऑसिलेटर डिजिटल घड्याळावर बांधलेले असल्यामुळं हलत नाहीत. आपल्या हवेसाठी तेच शहाणपणाचं.

लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर यंत्र चालवताना गुणगुण येत असेल तर दोष यंत्राचा नसतो. साधा इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर लागतो. आणि गुणगुण घालवायला अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला, तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. डीआय बॉक्स, म्हणजे कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी, आणा, त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं.

नव्यात हाताला खुंट्या हव्यात तर कॉर्ग मिनीलॉग, आर्टुरिया मायक्रोफ्रीक, किंवा मिनीमूगची प्रतिकृती असलेलं बेहरिंगर मॉडेल डी बघा. चार खुंट्या डोळे मिटून सापडणं, हा हार्डवेअरचा खरा फायदा. आवाजातला फरक वरातीच्या स्पीकरवर कोणालाही कळत नाही, मलाही नाही.

परत गाडीवर

घरच्या हेडफोनवर जे गोड लागतं ते डीजेच्या भिंतीवर कडू लागू शकतं. मुख्य कारण मोनो, पण इथं वेगळ्या अर्थानं. बऱ्याच ठिकाणी डावं-उजवं एकत्रच होतं, आणि कोरस लावून रुंद केलेला आवाज त्यात अर्धा गायब होतो. काम संपवण्याआधी मोनो करून ऐका. मग फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथं बीन ऐकू आली म्हणजे गाडीवर येणारच. रिव्हर्ब (घुमारा) जवळजवळ शून्य, गल्लीतल्या भिंती तो फुकट देतात.

लॅपटॉप वरातीत नेऊ नका. धूळ, गुलाल आणि नाचणारे काका. त्याऐवजी तुमच्या आवाजाचेच नमुने, म्हणजे एकेका सुराचं रेकॉर्डिंग, काढून स्टेजच्या कीबोर्डात भरा. रोलँडच्या एक्सपीएस-१० सारख्या कीबोर्डात यूएसबीवरून नमुने घेता येतात. सर्जमधून दर चौथ्या पट्टीचा एक सूर, चार-चार सेकंदांचा, मोनो, १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करा. एकच नमुना सगळ्या कीबोर्डवर ताणला तर वरचे सूर चिमणीचे आणि खालचे म्हशीचे होतात.

आणि रेकॉर्ड करताना कंपाचं चाक खाली ठेवा. नमुन्यात कंप गेला तर वरच्या सुरांवर तो जलद होतो, खालच्यावर संथ, आणि तो थांबवताच येत नाही. धरलेला सा सुद्धा नमुन्यात घेऊ नका, तो वेगळा रेकॉर्ड करून कीबोर्डच्या दुसऱ्या भागावर ठेवा. कंप, ग्लाइड आणि अटॅक कीबोर्डच्याच एडिटमध्ये पुन्हा लावायचे, वरचेच आकडे घेऊन.